तिखटाला पाणी किती लागतं

सोलापूरच्या शेंगा चटणीतून लसूण, जिरं, मीठ बाजूला काढलं तर उरतात दोनच जिन्नस: शेंगदाणे आणि लाल तिखट. दोन्ही आपल्या जेवणात इतके मुरलेत की ते समुद्रापलीकडून आले यावर चटकन विश्वास बसत नाही. भुईमुगाच्या दोन रानटी पूर्वजांपैकी एकाचा ठावठिकाणा दक्षिण बोलिव्हियात, व्हिया मोंतेस गावाच्या आसपास लागला. २०१६ साली या पूर्वजांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले तेव्हा आपल्या शेंगेतला निम्मा वारसा त्या रानटी झाडाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. त्याच मुलखात एक रानमिरची काटेरी झाडांच्या सावलीला आजही आपली आपण उगवते. तिचं शास्त्रीय नाव कॅप्सिकम चाकोएन्से. अर्जेंटिनाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्मांदो हुन्झिकर यांनी १९५० साली तिची शास्त्रीय नोंद केली आणि ग्रान चाको या तिच्या प्रदेशावरून तिचं नाव ठेवलं.

ही पुस्तिका त्या चाको मिरचीची ओळख करून देण्यासाठी लिहिली आहे, आणि तिच्या निमित्ताने आपल्या कोकण-गोव्यात परसात, कुंपणाच्या कडेला अर्धीमुर्धी रानटी राहिलेली लवंगी मिरची सोलापूरच्या हवेत कशी वाढवायची हे सांगण्यासाठी. एक दूरची, एक जवळची. पहिलीकडून समजून घ्यायचं आणि दुसरी लावायची, असा हा बेत आहे.

ग्रान चाको म्हणजे बोलिव्हिया, पराग्वे आणि अर्जेंटिनात पसरलेला सपाट, काटेरी झाडोऱ्याचा मुलूख. दक्षिण अमेरिकेतलं आजवरचं सर्वाधिक अधिकृत तापमान, ४८.९ अंश सेल्सिअस, याच भागातल्या रिव्हादाविया गावी डिसेंबर १९०५ मध्ये नोंदलं गेलं. पाऊस काही महिन्यांपुरता येतो, उरलेलं वर्ष कोरडं जातं. आपल्या माळांवर माजलेली वेडी बाभूळ ज्या गोतातली, त्याच गोतातली झाडं तिथली मूळ रहिवासी आहेत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला पाहणाऱ्या आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे पाठ असलेल्या सोलापूरकराला हे वर्णन परकं वाटणार नाही. तिकडे हिवाळ्यात कधीकधी दहिवर गोठतं, आपल्याकडे ती भीती नाही, इतकाच काय तो मोठा फरक.

बाजारातली मिरची आणि रानमिरची शेजारी शेजारी ठेवल्या तर पहिल्या नजरेतच वेगळेपण कळतं. बाजारातली लांब, मांसल, खाली लोंबणारी. रानमिरची जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, देठावर ताठ उभी, पानांच्या वर डोकावणारी, पिकली की भडक लाल. पिकलेलं फळ चिमटीत धरून किंचित ओढावं, तर देठ टोपीसकट झाडालाच राहतो आणि फळ बोटांत येतं. ते मऊ असतं, दाबलं की फुटतं, आणि आत गर थोडा, बियाच जास्त. माणसाने हजारो वर्षं निवड केली ती नेमकी याच्या उलट गुणांची. ओढल्याशिवाय न तुटणारी, पानांआड लपून पाखरांपासून वाचणारी, वजनाने झुकणारी मिरची त्याने बियाण्याला ठेवली. पेरल्यावर आठ-दहा दिवसांत सगळं बी एकदम उगवावं हीसुद्धा शेतकऱ्याचीच गरज. रानात तसं झालं तर एका उघडिपीत सगळी पिढी करपून जाईल. म्हणून रानमिरचीचं बी थोडं आज, थोडं पंधरा दिवसांनी, थोडं पुढच्या पावसाला, असं मागेपुढे उगवतं. ही रोपं वाढवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हे लक्षात ठेवायला हवं.

फळाचं ताठ उभं राहणं, लाल होणं, सहज सुटणं, हे सगळं पाखरांसाठी आहे. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल लवंगीची पिकली मिरची अख्खी गिळतो, त्याला ठसका लागत नाही, आणि बी त्याच्या विष्ठेतून दूर कुठेतरी झुडपाखाली पडतं. पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची घालायची रीत आपल्याकडे घरोघर होती, पण पोपट चोचीने बी फोडून खातो, त्यामुळे झाडाच्या दृष्टीने त्याचा उपयोग कमी. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान या दोघांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये मिरची पाखरांसाठीच असल्याचा पुरावा दिला. अ‍ॅरिझोनातल्या रानमिरचीवर कोणते प्राणी येतात याची त्यांनी पाहणी केली. पाखरं मिरच्या खात होती, उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी त्यांना तोंड लावत नव्हते. मग त्यांनी उंदरांना मुद्दाम चाको मिरचीची तिखट नसलेली फळं खाऊ घातली. उंदरांच्या पोटातून गेलेलं एकही बी उगवलं नाही. पाखरांच्या पोटातून गेलेलं बी मात्र न खाल्लेल्या बियाइतकंच उगवलं.

तिखटपणा हा असा माणसं निवडणारा, किंवा खरं तर खाणारे निवडणारा, पहारा आहे. कॅप्सेसिन नावाचं द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चिकटतं आणि चटका बसल्याची खबर मेंदूकडे जाते. तोंड प्रत्यक्षात भाजलेलं नसतं. ही ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढली आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पाखरांमध्येही ती ग्राही असते, उष्णता तिला कळते, पण कॅप्सेसिन कळत नाही. उन्हाळ्यात डंकावर तिखट कुटायला गेलेल्या बाईला नाकाला पदर लावावा लागतो आणि भिंतीवरची चिमणी मात्र निवांत असते, त्याचं कारण हे.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असेल. मला चाको मिरचीचं खरं आकर्षण वाटतं ते पुढच्या भागामुळे. बोलिव्हियात या जातीची सगळी झाडं तिखट नसतात. एकाच जाळीत, एकाच मातीत, दिसायला अगदी सारखी दोन झाडं असतात. एकाची मिरची जीभ पोळते, दुसऱ्याची काकडीसारखी पाणचट. पाहून काही कळत नाही, चाखूनच कळतं, आणि संशोधकांनी रानोमाळ हिंडून ते चाखलंही. तिखट असणं इतकं फायद्याचं आहे तर सगळीच झाडं तिखट का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तराचा पहिला अर्धा भाग २००८ साली हाती आला. रानात मिरचीच्या बियांचा सर्वात मोठा शत्रू उंदीर नसून फ्युजेरियम जातीची बुरशी आहे. रस शोषणारे ढेकणाच्या कुळातले किडे फळात सोंड खुपसतात आणि त्या भोकातून बुरशी आत शिरते. कॅप्सेसिन बुरशीची वाढ रोखतं. जिथे किडे जास्त, तिथे तिखट झाडं जास्त. आपल्याकडे मर रोगाने मिरचीचा प्लॉट बसतो तेव्हा ज्या बुरश्यांचं नाव कृषी सहायक घेतात, त्यातलीच ही एक.

दुसरा अर्धा भाग २०१२ साली आला, आणि तो सोलापूरने नीट ऐकावा असा आहे. बोलिव्हियाच्या कोरड्या टोकाकडून ओल्या टोकाकडे जावं तसतसं तिखट झाडांचं प्रमाण वाढत जातं. कोरड्या भागात ती थोडी, ओल्या भागात जवळपास सगळीच. संशोधकांनी दोन्ही प्रकारची रोपं वाढवून काहींना भरपूर पाणी दिलं आणि काहींना ताण दिला. भरपूर पाण्यावर दोघांचं बी सारखंच आलं. ताणावर मात्र तिखट झाडांना पाणचट झाडांच्या सुमारे निम्मंच बी धरलं. कारण पानांत सापडलं. तिखट झाडांच्या पानांवर श्वासाची छिद्रं जास्त दाट असतात, त्यातून पाणी जास्त उडतं. म्हणजे तिखटपणाची किंमत झाड पाण्यात मोजतं. ओल्या रानात बुरशी मातलेली असते, तिथे ही किंमत परवडते. कोरड्या रानात बुरशी कमी आणि पाणी महाग, तिथे पाणचट झाडच पुढे निघून जातं.

यावर आपला कोणीही शेतकरी लगेच म्हणेल की अनुभव तर उलटा आहे: पाण्याचा ताण बसला की मिरची जास्त तिखट होते. त्याचंही खरं आहे. डाळिंबाचा बहार धरण्यासाठी ताण द्यायची विद्या ज्या जिल्ह्याला घरोघर येते, ज्याच्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्या जिल्ह्यातल्या माणसाचं निरीक्षण हलक्याने घेऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याचं कारण असं की त्या वेगवेगळ्या काळाच्या आहेत. एकाच तिखट झाडाचं पाणी एका हंगामात तोडलं तर फळं कमी आणि लहान येतात, आणि त्या थोड्या फळांत तिखटपणा दाट उतरतो. बोलिव्हियातला हिशेब मात्र पिढ्यांचा आहे. ज्याचं बी जास्त, त्याची लेकरं जास्त. शेतकरी फळ चाखतो, रान बी मोजतं. हे एकदा समजलं की झाडाला कधी पाणी द्यायचं आणि कधी हात आखडायचा हे कोष्टक न पाहता ठरवता येतं. वाढीच्या काळात आणि फळ धरताना पाण्याची हयगय नको. फळ पूर्ण भरल्यावर, रंग बदलायच्या आधी, थोडा ताण चालतो, आणि चवीला तो हवाही असतो.

चाको मिरचीचं आणखी एक देणं नोंदवलं पाहिजे. मिरची आणि ढोबळी मिरचीवर पानांना ठिपके पाडणारा एक जिवाणूजन्य रोग येतो. त्याला अटकाव करणारं एक जनुक याच रानमिरचीत मिळालं, संकराने ते ढोबळी मिरचीत आणलं गेलं आणि १९९९ साली त्याची नेमकी घडण शास्त्रज्ञांनी उलगडली. कोणी कधी पेरलं नाही, खत घातलं नाही, औषध मारलं नाही, अशा झुडपाकडून ही मदत आली. दिल्लीचा राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरो किंवा तैवानमधलं जागतिक भाजीपाला केंद्र पिकांच्या रानटी भाऊबंदांचं बी शीतगृहात का सांभाळतात, ते यावरून कळावं.

आता बियाण्याचं. चाको मिरचीचं बी परदेशी विक्रेत्यांकडे मिळतं, आणि हौशी माणसाला ते टपालाने मागवायचा मोह होतो. तसं करू नये. २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशाप्रमाणे परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम कागदापुरता नाही. थ्रिप्स पार्विस्पायनस नावाचा परदेशी फुलकिडा २०१५ साली बंगळूरजवळ पपईवर आढळला आणि २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातली मिरचीची शेतंच्या शेतं त्याने फुलगळ करून रिकामी केली. तो कसा शिरला असेल ते असो, एकदा शिरलेली कीड परत पाठवता येत नाही. रीतसर मार्गाने बी मिळालं तर जरूर लावा, पुढच्या पानांतली सगळी कृती चाकोलाही लागू पडते. तोवर लवंगी आहे.

लवंगीचं शास्त्रीय नाव कॅप्सिकम फ्रुटेसेन्स. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. लवंगीने तिथल्या दमट परसांत पाखरांच्या मदतीने आपला संसार थाटला. केरळात हिलाच कांतारी म्हणतात. एक सावधगिरी मात्र घ्यावी: बाजारात नेहमीच्याच जातीची बारीक, सडपातळ मिरचीही लवंगी म्हणून विकली जाते. ओळखायचं फुलावरून. नेहमीच्या मिरचीचं फूल स्वच्छ पांढरं आणि बहुधा एकटं, लवंगीचं हिरवट पांढरं आणि एका पेऱ्यावर बरेचदा दोन-तीन. झाडावरची मिरची आभाळाकडे तोंड करून आहे ना, आणि पिकल्यावर देठापासून अलगद सुटते ना, हेही पाहावं.

बी घ्यायचं ते झाडावर पूर्ण लाल झालेल्या, हाताला मऊ लागणाऱ्या फळाचं. फळ चिरून बी काढलं की वाटीभर पाण्यात चमचाभर बारीक वाळू टाकून ते हलक्या हाताने चोळावं, पाणी दोन-तीनदा बदलावं, गराचा चिकटपणा पूर्ण जाऊ द्यावा. हातमोजे घालावेत, नाहीतर दिवसभर डोळ्याला हात लावायची सोय राहत नाही. या धुण्यामागे कारण आहे. बोलिव्हियात चाको मिरचीचं बी एका छोट्या माशीमार पाखराच्या पोटातून गेलं की रानात त्याची तगून राहण्याची शक्यता ३७० टक्क्यांनी वाढते असं २०१३ साली आढळलं. बी दूर नेऊन टाकणं हा त्यातला मोठा फायदा नव्हता. पोटातून जाताना बियांवरची बुरशी कमी होते आणि मुंग्यांना ओढणारा वासही जातो, हा खरा फायदा. पाखराच्या पोटाने जे केलं असतं त्यातलं थोडं आपण वाळूने करतो. मग बी सावलीत सुकवावं. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर टाकलेलं बी भाजून निघतं.

पेरणी मे महिन्याच्या अखेरीस करावी, म्हणजे रोपं मृगानंतरच्या ढगाळ हवेत वाढतात. बी एक दिवस-रात्र कोमट पाण्यात भिजवून ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल टाकावं. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत पुरे होतं. माती ओलसर हवी, चिखल नको, आणि ट्रे सावलीत हवा. इथे खरी कसोटी असते ती धीराची. नेहमीची मिरची आठवड्यात उगवते, ही तीन आठवडे काहीच दाखवत नाही, पाचव्या आठवड्यात दोन रोपं येतात आणि आठव्यात आणखी एक. ट्रे रिकामा दिसतो म्हणून उपडा करणाऱ्यांची रोपं कचऱ्यात गेली आहेत, हे मी बऱ्याच गच्च्यांवर पाहिलं आहे. अडीच महिने तरी ट्रेला हात लावू नये.

सहा-आठ पानांवर आलेलं रोप कुंडीत हलवावं. रंगाचा वीस लिटरचा डबा, बुडाला भोकं पाडून, उत्तम. त्यात निव्वळ काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात; सुकली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, असं मिश्रण चालतं. सोलापूरची दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. क्षारांमुळे कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं असं समजून लोक युरिया टाकतात आणि झाड आणखी बिघडतं. अशा कुंडीतून पावसाळ्यात पावसाचं पाणी भरपूर वाहू द्यावं, आणि पत्र्यावरून पडणारं पाणी पिंपात साठवता आलं तर हिवाळ्यात तेच वापरावं. पाणी घालायची वेळ बोटाने ठरवावी: वरची बोटभर माती कोरडी झाली तरच.

मार्च ते जून हा या झाडाचा कठीण काळ. सकाळचं ऊन, दुपारी पन्नास टक्क्यांचं शेडनेट, आणि कुंडीतल्या मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर. जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. पस्तीस अंशांच्या वर फुलं गळू लागतात, मे महिन्यात तर बहुतेक सगळी गळतात. त्याला औषध शोधू नये. झाड जगवायचं एवढंच काम त्या महिन्यांत करायचं. मेच्या शेवटी फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटल्या की पहिल्या पावसावर नवी फूट येते, आणि खरा तोडा दिवाळीपासून माघापर्यंत चालतो. नीट सांभाळलेलं लवंगीचं झाड तीन-चार वर्षं सहज फळतं.

चुरडामुरडा आला तर आधी पान पाहावं. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी. दोन्हींवर सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला मारला तर बहुधा आटोक्यात राहतात. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल, पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला असेल, तर झाड उपटून टाकावं. त्यावर दुसरा इलाज नाही, आणि एक झाड वाचवण्याच्या नादात शेजारची चार जातात.

चव घेताना मिरची अख्खी चावू नये. देठाकडची पातळ चकती कापून जिभेच्या टोकाला लावावी, कारण बी ज्या पांढरट पट्टीला चिकटलेलं असतं ती तिकडेच भरलेली असते आणि कॅप्सेसिन तिथेच तयार होतं. नंतर पाणी पिऊन उपयोग नाही, ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही. ताक किंवा दूध घ्यावं. आणि एक विनंती: प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवावं. पुडीवर पेरणीचा दिवस, पहिलं रोप दिसलं तो दिवस, उन्हाळ्यात झाडाला किती पाणी मिळालं आणि मिरची किती तिखट लागली, एवढं लिहावं. बुलबुलांसाठी दोन-चार फळं झाडावर सोडावीत, उरलेली शेंगा चटणीत घालावीत.